त्रेसष्ट साल आणि बडनगरचा कवी

प्रजासत्ताक दिन जवळ आला, की शाळांच्या पटांगणांतून आणि नाक्यानाक्यांवरील कर्ण्यांतून 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत हमखास ऐकू येते. गीत लताबाईंचे, हे शाळकरी मूलही सांगते. ते लिहिले कुणी, या प्रश्नावर मात्र भलेभले अडखळतात. ज्या एका गीताने १९६३ हे वर्ष लोकप्रिय संगीताच्या इतिहासात कायमचे कोरून ठेवले, त्याच्या कर्त्याविषयीची ही विस्मृती आम्हांला अस्वस्थ करते.

ते वर्षच विलक्षण होते. गोवा मुक्त होऊन जेमतेम तेरा महिने लोटले होते. त्या विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो, तोच १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले. १८ नोव्हेंबर रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे बहुतेक सारे सैनिक लढता लढता धारातीर्थी पडले. देशाचे मन खचले होते. अशा वेळी, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत हे गीत प्रथम गायिले गेले आणि पंडितजींचे डोळे पाणावले. या गीतामागे ना चित्रपट होता, ना नायक-नायिका. चित्रपटगीत म्हणजेच लोकप्रिय संगीत, असे समीकरण रूढ असलेल्या काळात केवळ शब्द, चाल आणि स्वर यांच्या बळावर ते घरोघरी पोहोचले. त्या वर्षाचे खरे अप्रूप आम्हांला वाटते ते हेच.

तीन प्रवाह येथे एकत्र आले. स्वर लता मंगेशकरांचा. जन्म इंदूरचा, पितृकुल आपल्या मंगेशीचे. चाल सी. रामचंद्रांची, गोदाकाठच्या पुणतांब्याचा हा मराठी माणूस 'अलबेला'तील थिरकत्या चालींसाठी ख्यातनाम होता. आणि शब्द कवी प्रदीप यांचे. रामचंद्र नारायणजी द्विवेदी हे त्यांचे मूळ नाव. ६ फेब्रुवारी १९१५ रोजी उज्जैन जिल्ह्यातील बडनगर येथे ते जन्मले. १९४३ च्या 'किस्मत'मधील त्यांच्या गीताने परकीय सत्तेला असे काही डिवचले, की अटक टाळण्यासाठी त्यांना भूमिगत व्हावे लागले. पुढे १९५४ चा 'जागृति' आणि १९७५ चा 'जय संतोषी माँ' यांतील गीतेही त्यांचीच. भाषा साधी, जणू माळव्यातील एखादा कीर्तनकार चावडीवर बोलतो आहे.

पण दिल्लीच्या त्या समारंभाचे निमंत्रण खुद्द कवीलाच नव्हते! त्यांनी त्याची खंत कुरवाळली नाही. गीताचे मानधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांना मिळावे, एवढीच त्यांची इच्छा. ११ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला होता. ही इच्छा मात्र अपुरीच राहिली. अखेर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला १० लाख रुपये सैनिकांच्या विधवांसाठीच्या निधीत भरण्यास सांगितले. ज्या गीताने हुतात्म्यांसाठी डोळ्यांत पाणी आणण्याची हाक दिली, त्याचा मोबदला हुतात्म्यांच्या घरी पोहोचण्यास बेचाळीस वर्षे लागावीत, याला काय म्हणावे? २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनाचा हक्क सुरक्षित केला, हे स्वागतार्हच. तथापि नामोल्लेखाचे ऋण कायद्याने फिटत नाही.

उदयनाच्या कथा सांगणाऱ्या अवंतीतील ग्रामवृद्धांचा उल्लेख कालिदासाने मेघदूतात केला आहे. त्या कथा प्रथम कुणी रचल्या, हे आज कुणालाच ठाऊक नाही. लोकांच्या ओठी बसलेल्या रचनेचा कर्ता विस्मृतीत जावा, ही आपल्याकडची जुनीच रीत. पण बडनगरच्या कवीचे नाव, गाव, जन्मतिथी सारे आपल्या हाताशी असताना त्याला अनामिकांच्या रांगेत बसविणे हा निव्वळ आळस होय.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. तो प्रदीप यांचा जन्मदिन होता. गायिकेची पुण्यतिथी आणि कवीची जयंती नियतीने एकाच तारखेवर आणून ठेवली आहे. शाळांनी आणि संस्थांनी यापुढे हे गीत लावण्यापूर्वी तिन्ही नावे उच्चारावीत, एवढीच आमची सूचना आहे. त्याला खर्च काहीच नाही. लागते ती थोडी कृतज्ञता.