लाकडी खोके आणि कोंडलेली हवा

भोसरीला राहणाऱ्या ताईला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मी एक लाकडी खोके करून दिले. तिच्या घरी तीन मोबाइल, एक टॅबलेट आणि एक छोटा स्पीकर रोज रात्री चार्जिंगला लागतात. एक्स्टेन्शन बोर्ड व सगळे चार्जर खोक्यात, वर उपकरणे उभी ठेवायला खाचा, आणि झाकण घट्ट, म्हणजे वायरींचा गुंता दिसू नये. आठ दिवसांनी ताईचा फोन आला: "अरे, तुझं खोकं तापतंय. लाकूड पेट घेईल का रे?"

लाकूड भोसरीतच मिळाले होते. औद्योगिक वसाहतीत यंत्रे पाइनच्या खोक्यांतून येतात. त्यांच्या फळ्या भंगारात मिळतात, आणि रंधा मारला की सुरेख दिसतात. परदेशातून आलेल्या फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही रोमन अक्षरे असली, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून कीड मारलेली आहे, असे समजावे. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ती फळी घरात आणू नये.

आता ताईचा प्रश्न. पाच चार्जर प्रत्येकी १० वॅट देतात असे धरू. म्हणजे ५० वॅट. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर ते घेतात सुमारे ५९ वॅट आणि उरलेल्या ९ वॅटची उष्णता खोक्यातच राहते. वायरींची काळजी नको: २३० व्होल्टला ही वीजधारा जेमतेम पाव अँपिअर, आणि साधा प्लग ६ अँपिअरचा असतो.

खोके ३० × २० × १० सेंटिमीटर, म्हणजे पृष्ठफळ ०.२२ चौरस मीटर. फळी १२ मिलिमीटर जाड. लाकडाची उष्णतावाहकता सुमारे ०.१२ (वॅट प्रति मीटर प्रति अंश), म्हणून एक चौरस मीटर फळीचा उष्णतारोध ०.०१२ ÷ ०.१२ = ०.१. पण उष्णतेला फळीखेरीज आणखी दोन अडथळे ओलांडावे लागतात: फळीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला चिकटून असलेले संथ हवेचे थर. प्रत्येकाचा रोध साधारण ०.१२५. एकूण ०.३५. तेव्हा आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक ९ × ०.३५ ÷ ०.२२, म्हणजे सुमारे १४ अंश.

मी आधी लाकडालाच दोष देत होतो. पण हेच खोके पत्र्याचे केले तर? पत्र्याचा रोध जवळजवळ शून्य, तरी हवेचे ०.२५ उरतातच, आणि फरक येतो १० अंश. लाकडाचा वाटा फक्त चार अंशांचा!

मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल तर खोक्यात ४९ अंश होतील. लाकूड पेटायला अडीचशे अंशांच्या वर जावे लागते, त्यामुळे या सरासरी उष्णतेने आग लागणार नाही. धोका असतो तो सैल प्लगमधल्या ठिणगीचा आणि निकृष्ट चार्जरचा. तिथे एकाच बिंदूवर तापमान फार चढते. लिथियम-आयन बॅटरी मात्र चार्ज होताना साधारण ४५ अंशांच्या आत राहावी लागते, आणि फोन स्वतःही तापतो. तापत्या झाकणावर रोज रात्री ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य घटते.

मी खोके परत आणले, मागची फळी काढूनच टाकली, तळाला भोके पाडली आणि खाली दीड सेंटिमीटरचे पाय लावले. ४९ अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ४.३ टक्क्यांनी हलकी असते; ती मागून वर निसटते आणि खालून थंड हवा आत येते. खाचाही झाकणापासून दोन बोटे उंच केल्या. मागची बाजू भिंतीला टेकवू नये, एवढे ताईला सांगितले.

वर्गात चार्जरऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा घ्यावा. बंद खोक्यात त्याचा प्रकाशही भिंतींत शोषला जाऊन उष्णताच होतो. दिवा लाकडाला टेकू देऊ नये, आणि जोडणी शिक्षकांनीच करावी. भोकातून तापमापी घालून दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. तापमान स्थिरावायला दीड-दोन तास लागतील. मग मागची बाजू उघडून पुन्हा नोंदी घ्याव्यात. आता काही प्रकाशही बाहेर जातो. मग तापमानातली सगळी घट हवेमुळेच झाली का, आणि ते कसे ठरवायचे, हे मुलांना विचारावे.