तोड डोंगरावर, गाळ करंजाड्यात

पावसाळा लागला की पनवेलच्या करंजाड्याजवळची गाढी नदी तांबडी होते. पुलावरून आपण बघतो, ‘नवं पाणी आलं’ म्हणतो आणि पुढे निघतो. तो रंग माथेरानच्या डोंगररांगेतल्या मातीचा. ती सुटायला रस्ते, खाणी, प्लॉटिंग अशी कारणं पुष्कळ. इथे बोलायचं ते झाडतोडीबद्दल.

कर्नाळ्याच्या जंगलात पायवाटेच्या कडेचा पाचोळा जरा सारून बघा. वर सागाची करकरीत पानं, खाली अर्धवट कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली, मग काळसर भुसभुशीत माती. फार खोल जायला नको, मुरूम लागतो. वर्षाला सुमारे 3,000 मिलीमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. तरी हा पातळ थर टिकतो. थेंबाचा मार आधी पानं आणि पाचोळा झेलतात, उरलेलं पाणी मुळांनी, गांडुळांनी केलेल्या पोकळ्यांत जिरतं.

झाड पाडल्यानं छत्र जातं, पण खरी नासधूस ओंडके ओढण्यात होते. ट्रॅक्टर-ट्रकखाली माती दबते, पोकळ्या मिटतात. चाकोरीत पाणी साचतं आणि उतार मिळाला की तिचाच ओहळ होतो. दबलेली जमीन पुन्हा मोकळी व्हायला कधी कधी दशकं जातात.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात 1965 च्या हिवाळ्यात प्रयोग म्हणून एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं पाडली. एकही ओंडका हलवला नाही. पुढे तणनाशक मारून काही उगवूही दिलं नाही. तरी ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं, कॅल्शियम आणि पोटॅशियमही वाहून जाऊ लागलं. कुजणं चालूच होतं, शोषून घेणारी मुळं मात्र उरली नव्हती.

आपल्याकडे ऐन, किंजळ, साग तोडले तरी बुंध्याला धुमारे फुटतात, मुळं माती धरून राहतात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत जाळायला, फांद्या छाटणारा शेतकरी याच भरवशावर होता. इंग्रज वनखात्यानं जंगल उजाड झाल्याचं खापर राबावर फोडलं आणि त्यावर बंधनं आणली. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की 1885 साली फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. जंगलाच्या हक्काची ती धुमस पुढेही राहिली; 25 सप्टेंबर 1930 ला शेजारच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. राबानं जंगलाचं खत भाताच्या रोपात जातं, हे खरंच. पण कोळशासाठी अख्खं झाड नेणाऱ्या आणि भट्टीखालची माती भाजून काढणाऱ्या धंद्यापुढे शेतकऱ्याचा कोयता फारच सौम्य म्हणायचा.

तोडीच्या बदल्यात आज रोपं मोजली जातात, माती कोणी मोजत नाही. मुरमात खड्डा खणून लावलेल्या रोपाला ना पाचोळा, ना बुरशी. त्यापेक्षा तोडीच्या परवान्यातच चार अटी घालाव्यात: बुंधे उपटायचे नाहीत, डहाळ्या-पाला उताराला आडवा तिथेच टाकायचा, ओढ्याकाठची झाडं सोडायची आणि जूननंतर जंगलात चाक फिरवायचं नाही.