नाताळचं बजेट जानेवारीत का करायचं?

नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. बोलताना एकच गोष्ट तीनदा सांगायची मला सवय आहे, ती इथे कापली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. कोर्लईकडची एक मुलगी, पनवेलला नोकरी, हातात महिन्याला अठरा हजार. तिचं म्हणणं असं की, "गेल्या नाताळात घरचा सगळा खर्च मी केला. पहिलीच नोकरी होती ना, आईला म्हटलं यंदा तू काही बघू नकोस. कार्डावर वीस हजार गेले. एप्रिल आला तरी फिटले नाहीत. आता भावाची फी भरायची आहे आणि कार्डाचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. दर वर्षी असंच करायचं का?"

कोर्लई माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडलं, पण त्यांच्या भाषेतून तयार झालेली एक बोली कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत अजून घराघरात बोलली जाते. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. तर अशा गावात नाताळ म्हणजे काही शॉपिंग मॉलमधलं झाड नाही. मुंबईला गेलेली माणसं घरी येतात, मध्यरात्रीची मिस्सा असते, शेजारी फराळाचं ताट जातं. "यंदा साधंच करू" हे वाक्य बोलायला सोपं आहे. घरात पाहुणे आल्यावर ते पाळणं अवघड.

म्हणून मी तुम्हाला "खर्च कमी करा" असं सांगणार नाही. ते सांगायला पॉडकास्ट कशाला पाहिजे, ते काम काका करतात.

आधी त्या वीस हजारांचं काय झालं ते बघू. कारण ती मुलगी दर महिन्याला पैसे भरत होती, तरी फिटत नव्हते. ती काय भरत होती? 'मिनिमम ड्यू'. बिलावर दोन आकडे असतात, एकूण रक्कम आणि कमीत कमी रक्कम. कमीत कमी म्हणजे साधारण पाच टक्के. वीस हजारांवर एक हजार. हजार भरले की उशिराचा दंड लागत नाही, फोन येत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की हप्ता गेला. पण उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. महिन्याला म्हणतोय मी, वर्षाला नाही. ढोबळ हिशेब करा. वीस हजारांवर सातशे रुपये व्याज. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकशे सव्वीस. झाले आठशे सव्वीस. तुम्ही भरलेल्या हजारातून मूळ कर्ज कमी झालं फक्त एकशे चौऱ्याहत्तर रुपयांनी! आणि अजून एक गोष्ट. मागची बाकी राहिली असेल तर नव्या खरेदीला ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी वगैरे मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. जानेवारीत त्याच कार्डावर भरलेलं पेट्रोलसुद्धा व्याजात.

'नो कॉस्ट ईएमआय'चं पण सांगून टाकतो, कारण डिसेंबरात प्रत्येक ॲप तेच दाखवतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. मग आता जे दिसतं ते काय? व्याज लागतंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या खिशातून जातो, आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी सुद्धा. रक्कम छोटी असते, कबूल. पण एका वेळी चार ईएमआय चालू असले की फेब्रुवारीचा पगार येण्याआधीच वाटला गेलेला असतो.

आता मूळ मुद्दा. पंचवीस डिसेंबर ही तारीख बदलत नाही. गणपती मागेपुढे होतो, दिवाळी मागेपुढे होते, ईद सरकते. नाताळ तिथेच. वर्षभर आधी माहीत असलेला हा खर्च आपण दर वर्षी अचानक आल्यासारखा एका पगारातून भागवायला बघतो. अठरा हजारांच्या पगारातून वीस हजारांचा सण कसा बसणार? तो डिसेंबरात बसत नाही, हे गणित आहे. त्यात तिची काही चूक नाही.

समजा एका चौघांच्या घराचा नाताळ असा आहे. कपडे आठ हजार. फराळ आणि केक, म्हणजे मैदा, तूप, सुकामेवा, अंडी, नारळ, मिळून सहा हजार. पंचविसाचं जेवण, मटण-मासे, चार हजार. भेटवस्तू आणि चर्चची वर्गणी तीन हजार. चांदणी, लाइटिंग, गोठ्याचं सामान दीड हजार. येण्याजाण्याचा खर्च दीड हजार. एकूण चोवीस हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, पण लिहून काढा, कारण डोक्यातला आकडा नेहमी कमी असतो. डोक्यात कपडे आणि जेवण असतं. चर्चची वर्गणी आणि येणंजाणं विसरलेलं असतं.

चोवीस हजार भागिले बारा, महिन्याला दोन हजार. अठरा हजारांत दोन हजार काढणं जड आहे, पण शक्य आहे. ऑक्टोबरात जागे झालात तर महिन्याला आठ हजार, ते अशक्य. म्हणून बजेट जानेवारीत.

पण थांबा. इथे आपल्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मुंबईच्या फायनान्सवाल्यांचे व्हिडिओ इथेच आपल्या कामाचे राहत नाहीत. ते सांगतात, पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे कापून घ्या. आपल्याकडे पगार किती जणांना आहे? ज्यांच्या घरी होडी आहे त्यांचं वर्ष बारा महिन्यांचं नसतंच. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत कमाई नाही, उलट जाळी आणि होडीची दुरुस्ती. मग लगेच नारळी पौर्णिमा, गणपती. अशा घरात "दर महिन्याला दोन हजार" हा नियम जूनमध्ये मोडणार, आणि एकदा मोडला की माणूस पूर्ण सोडून देतो. त्यापेक्षा दहा महिन्यांत बसवा, महिन्याला चोवीसशे. नाहीतर हंगाम चांगला असेल तेव्हा जास्त टाका आणि जून-जुलैला शून्य, तेही ठरवून शून्य.

आणि ज्यांचं काम टुरिझमवर आहे, होमस्टे, खानावळ, रिक्षा, काशीदला स्टॉल, त्यांची अजून वेगळी गंमत. त्यांचा सण आणि त्यांचा सीझन एकाच आठवड्यात येतो. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी अलिबाग-मुरूड पट्ट्यात मुंग्यांसारखी माणसं. कमाई होते, पण ती होते सणाच्या नंतर. खर्च आधी. म्हणून होतं काय, "सीझनला येतील की पैसे" म्हणून उधारी होते आणि सीझनचा पैसा जुन्या उधारीतच जातो. माझं मत असं की या लोकांनी थर्टी फर्स्टच्या कमाईतून पुढच्या नाताळचा निम्मा पैसा बाजूला काढावा. हो, अकरा महिने आधी. हातात रोकड असते असा तोच एक आठवडा आहे.

आता पैसे ठेवायचे कुठे? हा भाग नीट ऐका, म्हणजे वाचा.

घरातल्या बायकांना विचारा, त्या म्हणतील भिशी. भिशी चांगली आहे, पण तिचं काम समजून घ्या. बारा जणी, प्रत्येकी दोन हजार, दर महिन्याला एकीला चोवीस हजार. जिचा नंबर पहिल्या महिन्यात लागतो तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. जिचा शेवटी, तिची बचत झाली. म्हणजे नाताळसाठी भिशी लावायची तर नोव्हेंबरचा नंबर मागून घ्यायचा. चिठ्ठी काढून मार्चमध्ये पैसे आले तर मार्चमध्येच काहीतरी 'गरजेचं' निघतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भिशी विश्वासावर चालते. गल्लीतल्या ओळखीच्या बारा जणींची ठीक. कुणीतरी व्हॉट्सॲपवर चालवतंय आणि "दीडपट देतो" म्हणतंय, तिथे जाऊ नका.

पोस्टाची आरडी सुरक्षित, शंभर रुपयांपासून सुरू होते. पण ती पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे एका वर्षाच्या नाताळला ती उपयोगाची नाही. बँकेची बारा महिन्यांची आरडी उघडा, मोबाईलवरून पाच मिनिटांत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मॅच्युअर होईल अशी तारीख धरा. व्याज थोडंसंच मिळेल. ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तो पैसा यूपीआयला जोडलेल्या खात्यात दिसत नाही. ज्यांचा हप्ता दर महिन्याला सारखा बसत नाही त्यांनी एक दुसरं सेव्हिंग खातं ठेवावं आणि ते कुठल्याच यूपीआय ॲपला जोडू नये. स्कॅन करून पैसे देताना नोट हातातून जात नाही, म्हणून किती गेले ते कळत नाही. एवढं साधं आहे ते.

आणि बँक कुठली? रायगडकरांना हे सांगावं लागू नये, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना पेण अर्बन बँक आठवत नसेल. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. लग्नाचे, म्हातारपणाचे, सणाचे. तेव्हा ठेवीवर विमा एक लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत आहे, व्याज धरून. पण हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थांना नाही. रोज दुकानावर पिग्मी घ्यायला येणारा माणूस बँकेचा आहे की पतसंस्थेचा, हे एकदा पासबुक उघडून वाचा.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. नाताळसाठी आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे, ही कल्पना अमेरिकेत कार्लाईल नावाच्या गावातल्या एका बँकेने १९०९ मध्ये काढली आणि ती पुढे देशभर पसरली. बँकेतला पैसा, डिसेंबरात हातात. छान. इंग्लंडमध्ये मात्र फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून वर्षभर नाताळचे पैसे गोळा करायची, बदल्यात खरेदीची कुपनं आणि सामान द्यायची. ती बँक नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये ती बुडाली, नाताळ अडीच महिन्यांवर असताना. लाखाहून जास्त ग्राहक, बहुतेक कमी कमाईची घरं. त्या लोकांनी तर आधीपासून नियोजन केलं होतं, शिस्तीने हप्ते भरले होते. सोनाराच्या मासिक योजनेत पैसे टाकताना ही गोष्ट आठवा, कारण तिथेही ठेवीचा विमा नसतो.

बरं, कुणी म्हणेल की मी हे नोव्हेंबरात ऐकतोय, माझं काय? तुमच्यासाठी आगमनकाळाचे चार रविवार आहेत. नाताळआधीचे हे चार आठवडे चर्चमध्ये तयारीचेच मानतात, खरेदीही त्यात वाटून टाका. पहिल्या आठवड्यात सुकामेवा, मनुका तशाही भिजत घालायच्या असतात. दुसऱ्यात कपडे, शिवायचे असतील तर त्याआधीच, टेलर डिसेंबरात नखरे करतो. तिसऱ्यात मैदा, साखर, तूप. अंडी आणि मासळी शेवटी घ्यावीच लागते, आणि थंडीत अंड्यांचा भाव चढलेला असतो, तर वीकेंडला पर्यटकांमुळे सुरमई-पापलेटला हात लावता येत नाही. चोवीस-पंचवीसला बाजारात उभं राहून भाव करण्यापेक्षा ओळखीच्या कोळणीला दोन दिवस आधी सांगून ठेवा. आणि जे बसत नाही ते कापा. मी तरी फराळाचं ताट कापणार नाही, कपड्यांचे आठ हजार कापेन. लहान मुलांना नवे, मोठ्यांनी लग्नातले घालावेत. फोटोत कुणाला कळत नाही.

मित्रांबरोबरच्या थर्टी फर्स्टचं बजेट वेगळं ठेवा. घरचा नाताळ आणि ग्रुपची कॉन्ट्री एकाच पैशातून गेली की भांडण आईशी होतं. कॉन्ट्री आधी गोळा करा, रूम बुक करण्याआधी. "नंतर हिशेब करू" म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, नाव घेत नाही.

त्या मुलीला मी उत्तर पाठवलंय. आधी कार्डाची बाकी, कारण महिन्याला साडेतीन टक्के व्याज देत असताना सहा-सात टक्के वार्षिक व्याजाच्या आरडीत पैसे टाकणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी. आईच्या बचतगटातून महिना एक-दोन टक्क्याने कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्ड एका फटक्यात बंद करावं, आणि गटाचे हप्ते भरावेत. ते संपले की तेवढाच हप्ता नाताळच्या खात्यात. यंदा तिचे पूर्ण चोवीस हजार जमणार नाहीत, दहा-बारा जमतील. तेवढ्याचं काय काय करायचं हे तिने आईबरोबर बसून ठरवावं, आणि ते गणपतीआधी, कारण त्यानंतर कुणालाच बसायला वेळ नसतो.

तुम्ही सव्वीस डिसेंबरला एक काम करा. दुपारी सगळे झोपलेले असतात तेव्हा फोनमध्ये नोट उघडा आणि काय किती लागलं ते लिहा, यूपीआयची हिस्टरी समोर असतेच. रोख दिलेले आईला विचारा, तिला पाच रुपयांपर्यंत आठवतं. नोटला 'नाताळ' नाव द्या, वर पिन करा. पुढच्या वर्षीचा आकडा तिथून घ्यायचा.