एक्स्प्लेनर : १३ पैकी १३ सामने जिंकूनही बाहेर! अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे संघ निवडतात कसे?

नेमके काय घडले?
२०२३च्या मोसमात फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. तरीही चार संघांच्या प्लेऑफमधील शेवटची जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला मिळाली.

कारण काय?
संघ शंभराहून अधिक, प्रत्येकाचे सामने जेमतेम डझनभर. त्यामुळे साधा गुणतक्ता पुरत नाही; १३ सदस्यांची समिती क्रमवारी लावते. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाल्याने फ्लोरिडा स्टेट कमकुवत झाल्याचे समितीने मानले. म्हणजे कमावलेल्या विजयांपेक्षा पुढचा अंदाज वरचढ ठरला.

आता वाद मिटला?
नाही. २०२४मध्ये प्लेऑफ १२ संघांचा झाला. पाच जागा गटविजेत्यांना. उरलेल्या सात मात्र समितीच्याच हाती. वाद चौथ्या जागेवरून बाराव्या जागेकडे सरकला, इतकेच.