एकाच दाराची दोन कामे

सुरतच्या कतारगाममध्ये हिऱ्याच्या कारखान्याचे दार सताड उघडे ठेवून चालत नाही. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या चाकावर, म्हणजे घंटीवर बसलेल्या कारागिराच्या हाती मुठीत मावणारा, पण लाखमोलाचा माल असतो. म्हणून कॅमेरे आले, बोटाच्या ठशाने उघडणारी चुंबकी कुलुपे आली. आग लागली की मात्र हेच दार कुणाच्याही ठशावाचून उघडायला हवे. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात कामगारांनी माल पळवू नये म्हणून जिन्याचे एक दार कुलूपबंद ठेवले होते; आगीत १४६ जण गेले. खुद्द सुरतेत २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमधल्या आगीत २२ जीव गेले. तिथे प्रश्न कुलपाचा नव्हता, वर जाणारा लाकडी जिनाच जळाला होता. पण बाहेर पडायची वाट बंद झाली की काय होते, हे या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे.

कॅमेरेवाला वेगळा आणि फायरवाला वेगळा असला की या दाराची जबाबदारी दोघांच्या मध्ये पडते. म्हणून दोन्ही यंत्रणा एकाच तंत्रज्ञाने शिकाव्यात आणि त्याही प्रत्यक्ष इमारतीत काम करतच शिकाव्यात, असे मला ठामपणे वाटते. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते. धुराचा इशारा मिळताच फायर पॅनेलने त्याचा पुरवठा तोडायचा, इतके आयटीआयच्या फळ्यावरही कळते. पण वीज गेल्यावर दार उघडे पडू नये म्हणून त्या कुलपाला कुणी मागाहून बॅटरी जोडली असेल, तर पॅनेलने मुख्य पुरवठा तोडूनही दार बंदच राहील. ही चूक आकृतीत दिसत नाही. डिटेक्टरला चाचणीचा धूर द्यायचा आणि दार ढकलून पाहायचे, तेव्हाच ती सापडते. धूळ बसलेला डिटेक्टर विनाकारण बोंबलतो आणि वैतागून कुणीतरी भोंग्याची वायर काढून ठेवते, हेही अनुभवी माणसामागे शिडी धरून फिरतानाच लक्षात येते. सुरतेतल्या उधना-लिंबायतमधल्या खानदेशी कुटुंबांतल्या आयटीआय झालेल्या मुलांसाठी हे हक्काचे कौशल्य ठरू शकते.

यावर मालकाची पहिली शंका रास्त आहे: चोराने मुद्दाम अलार्म वाजवून दार उघडले तर? त्यावर उपाय कुलूप घट्ट करण्याचा नाही. त्या दारावर कॅमेरा हवा, त्याचे रेकॉर्डिंग यूपीएसवर चालू राहायला हवे आणि दार उघडताच पहारेकऱ्याला कळायला हवे. हे जुळवायलाही दोन्ही कामे जाणणाराच लागतो. शिकाऊ मुलाच्या हाती जीव सोपवायचे का, ही दुसरी शंका. सोपवायचे नाहीतच, तपासून सही करायची ती उस्तादाने. शिकून मुलगा दुसरीकडे जाईल, ही तक्रारही खोटी नाही, आणि छोट्या ठेकेदाराला ती जास्त झोंबते. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान, पण किमान चार माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना कमाल १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. चार-सहा माणसांच्या ठेकेदाराला उरलेला भार तरीही जड जातो. तो कतारगाममधल्या कारखानदारांनी देखभालीच्या वार्षिक करारातून वाटून घ्यावा, कारण तयार होणारा मुलगा उद्या त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी दाराची चाचणी करणार आहे.