उधारी लिहा, मुदत ठरवा, सही घ्या

कापडाच्या धंद्यात उधारी टळत नाही. भिवंडीचा मागवाला ठोक व्यापाऱ्याला उधार देतो, ठोक व्यापारी आम्हाला देतो आणि आम्ही गिऱ्हाइकाला. भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या आमच्या नाहूरसारख्या वस्तीत शेजाराची भीड मोठी. जूनमध्ये गणवेशाचे कापड, सणाच्या तोंडावर ईद-दिवाळीचे कपडे, आणि पैसे पुढच्या पगाराला. हा व्यवहार चालायचाच. प्रश्न आहे तो त्याच्या हिशेबाचा.

समजा, विक्रीवर 10 टक्के नफा सुटतो. अशा धंद्यात 10,000 रुपयांची उधारी बुडाली तर गाठचे 9,000 गेले. ते भरून काढायला आणखी 90,000 रुपयांची विक्री करावी लागते. शिवाय जीएसटी भरणाऱ्याला उधार विक्रीवरचा करही वसुलीची वाट न पाहता मुदतीत भरावा लागतो.

देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, अशी ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. तरी आपल्यातले पुष्कळ बांधव 'घरचाच माणूस आहे, लिहायचे कशाला?' असे म्हणून मोकळे होतात. पुढे पैसेही जातात आणि माणूसही तुटतो.

कायदाही लेखी पुरावाच मागतो. 1963 च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी 3 वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने 'इतके देणे आहे' असे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा सुरू होते. दुसरी गोष्ट, नुसत्या आपल्या खतावणीतील नोंदीवर समोरच्याला देणेकरी ठरवता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हेच आहे. म्हणून बिलाच्या स्थळप्रतीवर माल घेणाऱ्याची सही हवी. वर्षातून एकदा बाकीचा उतारा पाठवून त्यावरही सही घ्यावी.

शिलाई, जरीकाम, वेल्डिंग करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना आणखी एक आधार आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. न मिळाल्यास राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. तिला फी नाही. उशिराबद्दल कायदा व्याजही देववितो. ते घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या दीनाप्रमाणे ठरवावे; मूळ रक्कम तर घामाची आहे, ती सोडू नये.

आम्हा व्यापाऱ्यांना मात्र 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते ती फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जासाठी. 45 दिवसांचे संरक्षण आम्हाला नाही. उलट, नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे आपण मुदतीत दिले नाहीत, तर 2023-24 या आर्थिक वर्षापासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा धरला जात नाही. तेव्हा मागवाल्याचे देणे थकवून आपली उधारी चालवणे आता महागात पडते.

शेवटी गल्ल्याबद्दल. गल्ल्यातली सगळी रोकड आपली नसते. तिच्यात मागवाल्याचे पैसे असतात, कारागिराची मजुरी असते, सरकारचा कर असतो. घरखर्चासाठी महिन्याची एक रक्कम ठरवावी, ती रोजमेळात लिहून उचलावी आणि बाकीच्या पैशाला हात लावू नये. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे काढून तीन आकडे लिहावेत: आजची रोकड, आजची उधारी, आजची वसुली. आठवडाभर वसुलीपेक्षा उधारी जास्त दिसली, तर नव्या उधारीला नम्रपणे 'नाही' म्हणावे. गिऱ्हाईक घटकाभर नाराज होईल, पण दुकान उभे राहील.