चेंडू बदलला, धंदाही बदलला

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू सोडून दहा पिना पाडण्याचा बोलिंगचा खेळ अनेक वाचकांनी पाहिला असेल. आपल्याकडे ती करमणूक आहे. अमेरिकेत मात्र मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा होतात आणि त्यावर चेंडू बनवणारे, विकणारे व त्यांना भोके पाडणारे कारागीर पोट भरतात. या धंद्याची कथा आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे.

पूर्वी हे चेंडू लिग्नम व्हिटी या अतिशय कठीण लाकडाचे असत. 1905 च्या सुमारास कडक रबराचे व 1960 च्या आसपास पॉलिएस्टरचे आले. असा चेंडू वर्षानुवर्षे टिके, त्यामुळे एकदा विकला की गिऱ्हाईक लवकर परत येत नसे. 1980 नंतर युरेथेन आणि 1990 नंतर रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आले आणि चित्र पालटले.

पिनांपर्यंतची पट्टी 60 फूट असते आणि तिच्या बऱ्याच भागावर तेलाचा पातळ थर असतो. रेझिनच्या कवचाला अतिसूक्ष्म छिद्रे असल्याने ते तेल शोषते. मग पुढच्या कोरड्या भागात चेंडू पकड घेऊन जोराने वळतो. पिनांवर तो तिरका आदळला की सगळ्या पिना पडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत 300 गुणांचे निर्दोष डाव 1968-69 च्या हंगामात 905 नोंदले गेले होते. 1998-99 मध्ये ते 34,470 झाले.

पण तेल शोषणारा चेंडू लवकर मंदावतो. शिवाय निरनिराळ्या पट्ट्यांसाठी निरनिराळे चेंडू लागतात. म्हणजे विक्री वाढली आणि कारागिराचे कामही वाढले. हाताचे माप घेणे, भोकांचा तिरकेपणा ठरवणे, आतल्या गाभ्याच्या हिशेबाने भोकांची जागा धरणे हे सारे त्याच्याकडे आले. भोकांची जागा बदलली की तोच चेंडू वेगळा वळतो.

या धंद्यात धोका आहे तो नियमांचा. 1973 साली डॉन मॅक्‌क्यून या खेळाडूने रसायनात भिजवून मऊ केलेल्या चेंडूने एका हंगामात सहा स्पर्धा जिंकल्या. पुढे कवचाच्या कडकपणाची मर्यादा ठरली. तोल साधण्यासाठी पाडायच्या जादा भोकावर 1 ऑगस्ट 2020 पासून बंदी आली आणि पूर्वीची भोके बुजवावी लागली. 2022 मध्ये तर स्टॉर्म कंपनीच्या 'स्पेक्टर' चेंडूची मान्यता, कवच ठरल्यापेक्षा मऊ निघाले म्हणून, विक्रीनंतर काढून घेण्यात आली.

तेव्हा नव्या मालात भांडवल घालताना त्याचे नियम कोण ठरवतो, हे आधी विचारावे आणि एकाच जातीचा माल भरून ठेवू नये. कारागिराने माप घेणे, भोक पाडणे आणि बुजवणे ही तिन्ही कामे हाती ठेवावीत. नियम बदलला त्या वर्षीही त्याच्याकडे गिऱ्हाईक आले, ते भोके बुजवून घ्यायला.